गोड्या पाण्याचं प्रात्यक्षिक

आमच्या कॉलेजात पर्यावरण समितीचा प्रमुख निवडण्याची पद्धत अगदी सोपी आहे. बैठकीला जो हजर नसेल, त्याचं नाव. त्या दिवशी मी कुडाळच्या बाजारात सुके बांगडे निवडत होतो. पिशवी घेऊन परत आलो तोवर प्रमुख झालो होतो. मी मराठी शिकवतो. कवितेतली झाडं मला ओळखता येतात, अंगणातली मात्र बायकोला विचारावी लागतात.

माझ्या कारकिर्दीतलं पहिलं काम म्हणजे ‘प्लास्टिकमुक्त परिसर’ हा फलक. तो मी मालवणला जाऊन भल्यामोठ्या फ्लेक्सवर छापून आणला. प्राचार्यांनी दोन-तीनदा तो वाचला, फ्लेक्सला बोट लावून पाहिलं आणि शिपायाला तो उलटा करून स्कूटर स्टँडवर पावसासाठी बांधायला लावला. तो अजून तिथंच आहे. आमच्या समितीचं टिकाऊ म्हणावं असं काम तेवढंच.

मग मूल्यांकन समिती येणार असं कळलं. बाहेरगावचे प्राध्यापक येऊन कॉलेज तपासतात, शेरा देतात, आणि त्या शेऱ्यावर पुढची काही वर्षं आमचं बरंवाईट ठरतं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, “हल्ली ते कुणालाही मध्येच थांबवून विचारतात, तुम्हाला पर्यावरणाची आस्था का वाटते? कुणी वेडंवाकडं बोलायला नको. सगळ्यांची तयारी करून घ्या.”

मी उत्तर तयार केलं. त्यात वसुंधरा होती, भावी पिढ्या होत्या, ऋण होतं. ते घेऊन मी खोल्याखोल्यांतून हिंडलो. कुणालाही ते तोंडात धरवेना.

ऑफिसच्या मोठ्या मॅडम आतल्या गावच्या, घरी भात आणि काजू. त्या म्हणाल्या, “सर, ह्या वसुंधरेचा माका नाय जमाचा. काजूचो मोहोर करपता, म्हणान माका काळजी वाटता. तसाच सांगतलंय.”

ग्रंथपाल म्हणाले, पूर्वी दिवाळीनंतर पुस्तकं उन्हात टाकता यायची. आता पाऊसच दिवाळीचा फराळ खाऊन मग जातो, आणि बुरशी ज्ञानकोशापासून सुरुवात करते. खेळाचे सर मच्छीमार घरातले. ते म्हणाले, “बापाशीची होडी रिकामी येता. माझ्या पगारावर डिझेल भरतंव. ह्यापेक्षा जास्त आस्था खंयसून आणू?”

मी सगळ्यांना समजावलं की हे फार स्वार्थी वाटतं, समितीपुढे जरा व्यापक बोलायला हवं. त्यावर सगळे आपापल्या कामाला लागले.

शेवटी भूगोलाच्या सरांकडे गेलो. हा माझा जुना मित्र, घर देवबागला. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची अरुंद पट्टी. माझा मित्र वर्गात किनारा कसा झिजतो ते शिकवतो आणि संध्याकाळी त्याच किनाऱ्यावर घरी जातो. पावसाळा संपला की तो मुलांना घरामागेच प्रात्यक्षिकाला नेई. काठ्या रोवून, दोर लावून, भरतीची रेघ माडांपर्यंत कितपत आली ते मोजायचं आणि मग वहिनींच्या हातची भाकरी आणि माशाचं तिखलं. अंतर दरवर्षी कमी व्हायचं. भाकऱ्या मात्र कधी कमी पडल्या नाहीत.

“माका इचारू नको,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी रजा टाकतंय.”

मला वाटलं, संकोच. कारण त्याच्या घराइतकी दाखवण्यासारखी जागा आमच्या आख्ख्या कॉलेजात नव्हती. मागच्या अंगणात विहीर होती. दोन्हीकडे खारं पाणी हाकेच्या अंतरावर, आणि मधे वाळूतल्या विहिरीला नारळाच्या पाण्यासारखं गोड पाणी. मुंबईहून कुणी पाहुणा आला की मी त्याला तिथं नेत असे, पोहरा ओढत असे आणि तो पाणी पिताना त्याच्या तोंडाकडे बघत असे. विहीर मित्राची, पण फुशारकी कायम माझी.

त्या विहिरीवर, आमच्याकडे म्हणतात तशा बावीवर, घर टिकून होतं. मित्राचे दोघे भाऊ मुंबईत. शेजारच्या होमस्टेवाल्याला खोल्या वाढवायला जागा हवी होती आणि तो दर मे महिन्यात भावांशी बोलणं काढायचा. भाऊ म्हणत, समुद्र फुकट नेणार त्यापेक्षा विकून टाकू. एकदा सगळे जेवायला बसलेले असताना वहिनींनी वाढता वाढता सांगून टाकलं होतं, “बावचा पाणी गोडा आसा तवसर घर इकूचा नाय. पाणी गेला की मीच बोचका बांधतंय.” भाऊ हसले आणि कबूल झाले. त्या जेवणाला मीही होतो. म्हणजे मला सगळं माहीत होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा.

मी प्राचार्यांच्या डोक्यात भरवलं की समितीला देवबागला न्यायचं. गोड्या पाण्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं. त्यांनी लगेच मान डोलावली. मित्राची रजा नामंजूर झाली.

आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. “भावोजी, मी शहाळी काढून ठेवतंय. चाय नको, पाणी नको. येतले त्येंका शहाळीच देवया.” एवढं आदरातिथ्य बघून मला भरून आलं.

समिती आली. एक अध्यक्ष, एक बाई आणि एक गृहस्थ जे सगळीकडे मान हलवत होते. कॉलेजचा खांद्याला अडकवायचा स्पीकर मी स्वतः घेतला होता, माईक गालाला चिकटलेला. मी वाळूबद्दल बोललो, माडांबद्दल बोललो, आणि मग म्हणालो की आता आपण विहिरीकडे जाऊ.

मित्र विहिरीच्या आणि माझ्या मधे येऊन उभा राहिला. “हयसर नको. चिखल आसा.”

“वाळवेत चिखल कसलो रे?” मी माईकवर विचारलं. समिती हसली. मीही हसलो. मी त्याला बाजूला केलं, पोहरा सोडला, ओढला आणि तांब्या भरून अध्यक्षांच्या हातात दिला.

अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. घोट घेतला, गिळला, जरा थांबले आणि म्हणाले, “वेगळी चव आहे.” बाईंनी ओठ लावून पेला तसाच धरून ठेवला. तिसऱ्या गृहस्थांनी या वेळी मान हलवली नाही. मग मी प्यायलो.

माईक तोंडापुढेच होता. “अरे, ह्या तर खारा आसा,” असं मी म्हणालो ते शेजारच्या होमस्टेच्या गच्चीवर गेलं, रस्त्यावर गेलं, आणि खाडीत जाळं उकलत बसलेल्या माणसानंही मान वर केली.

मग माझा मित्र वर्गात बोलतो तशा स्वच्छ मराठीत अध्यक्षांना सांगू लागला. वाळूखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, तेल तरंगतं तसं. किनारा आत आला, आजूबाजूला पंप बसले, उपसा वाढला, की गोड्याचा थर पातळ होत जातो. एक दिवस पोहरा खालच्या पाण्याला लागतो. आमचा पावसाळ्यानंतर लागला.

“यावर उपाय?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझ्या हयातीत नाही,” तो म्हणाला.

वहिनी शहाळ्यांचं ताट घेऊन मागच्या दारात उभ्या होत्या. दारामागे पाण्याचे विकतचे कॅन ओळीनं लावलेले दिसले. त्यांच्यावर चादर टाकली होती, पण वाऱ्यानं ती सरकली होती. पाहुण्यांना शहाळी देऊन झाल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “भावोजी, तुमका माईक कोणी दिलो?”

तो मी हट्टानं मागून घेतला होता.

संध्याकाळी मुंबईहून थोरल्या भावाचा फोन आला. होमस्टेवाल्यानं त्याला फोन केला होता. मित्रानं फोन घेतला, दोन-तीनदा “व्हय” म्हणाला आणि ठेवून दिला. पावसाळ्यानंतरचे ते सगळे महिने ती दोघं पहाटे कॅन आणून, चादर टाकून, चव कळू नये म्हणून कुणाला चहालाही न बोलावता राहिली होती. ते सगळं माझ्या एका वाक्यानं संपलं.

समितीनं आम्हाला चांगला शेरा दिला. स्थानिक समस्यांशी जिवंत नातं, असं काहीसं त्यात होतं. प्राचार्यांनी पेढे वाटले. माझ्या मित्रानं पेढा घेतला आणि खिशात ठेवला.

पुढच्या आठवड्यात एक गोष्ट झाली, आणि ती कुणी ठरवून केली नव्हती. स्टाफमधली माणसं डब्याच्या पिशवीतून पाण्याच्या बाटल्या आणू लागली. आपापल्या विहिरीचं पाणी. मधल्या सुट्टीत सगळे रसायनशास्त्राच्या मॅडमच्या प्रयोगशाळेत जमायचे. मॅडम काचेच्या चंबूत पाणी घ्यायच्या, ते पिवळं करायच्या आणि वरून नळीतून थेंब थेंब औषध सोडायच्या. पाणी विटेसारखं लाल झालं की थांबायचं. जितक्या उशिरा लाल, तितकं पाणी खारं. आमचे विद्वान प्राध्यापक निकालाच्या फलकापुढे मुलं उभी राहतात तसे उभे असत. ऑफिसच्या मोठ्या मॅडमचं पाणी लगेच लाल झालं. त्या खुर्चीत बसल्या आणि पदरानं मान पुसली. खेळाच्या सरांचं पाणी पिवळंच राहिलं. मॅडम थेंब सोडत राहिल्या, आणि कुणीतरी उगाच खिडकी उघडली. शेवटी ते लाल झालं तेव्हा सरांनी आईनं भरून दिलेल्या बाटलीतलं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं, बाटली धुतली आणि म्हणाले, “आवशीक सांगू नकात हां कोणी.”

मीही बाटली नेली होती. माझ्या पाण्यात मॅडमची नळी रिकामी झाली, त्यांनी ती पुन्हा भरली, तरी लाल होण्याचं चिन्ह नाही.

“सर, तुमची बाव समुद्रात आसा काय?” मॅडमनी विचारलं आणि बाटली नाकाशी नेली. “ह्या बाटलेत आधी काय होता?”

आधी तिच्यात कोकमाचं आगळ होतं. खारवलेलं. बायकोनं रिकामी करून ठेवली होती आणि मी ती न धुता भरून आणली होती. तेव्हा सगळे हसले. खेळाचे सरही हसले. त्या महिन्यात स्टाफरूममध्ये झालेलं हसणं तेवढंच. आणि त्या महिन्यात मला कुणाकडून उत्तर पाठ करून घ्यावं लागलं नाही, हेही खरं.

मे महिन्यात भाऊ आले. बोलणी लांबली नाहीत, कारण शब्द वहिनींचाच होता. जागा होमस्टेवाल्याला द्यायची ठरली, आणि मित्राला कुडाळला स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. सामान हलवायच्या दिवशी आम्ही कॉलेजातले बरेचजण गेलो. समुद्र शांत होता. माडांच्या पहिल्या रांगेतले दोन माड वाळूवर आडवे होते, मुळं हवेत. शेजारी पंपाची घरघर चालू होती.

निघण्याआधी जागेच्या राखणदाराला, तिथल्या देवाला, गाऱ्हाणं घालायचं होतं. नारळ ठेवून एकानं उभ्यानं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. घरातले जुने लोक गेलेले. भाऊ मुंबईचे, त्यांना ते येईना. मित्र मान खाली घालून उभा. थोरला भाऊ मला म्हणाला, “सर, तुम्हीच घाला. तुमका तोंड आसा.”

मला गाऱ्हाणं येतं ते कॉलेजच्या स्नेहसंमेलनातलं. दरवर्षी मी स्टेजवर ते विनोदी घालतो आणि पोरं शिट्ट्या मारतात. खरं असं मी कधी घातलंच नव्हतं. तरी उभा राहिलो. शेजारचा होमस्टेवालाही आला होता. त्यानं पोराला हाक मारून पंप बंद करायला लावला आणि चपला काढल्या.

“बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्येंच्या वाडवडलांनी ह्या वाळवेत माड लायले, बाव खणली. तू त्येंका गोडा पाणी दिलंस.”

“व्हय म्हाराजा.”

“काय चुकलामाकला आसात, ता पोटात घाल. आणि प्राचा—”

स्टेजवर इथं मी प्राचार्यांना सुबुद्धी दे असं म्हणतो. सवयीनं जीभ गेली. मी थांबलो. प्राचार्य समोरच उभे होते. कुणी हसलं नाही. धाकटा भाऊ डोळे मिटून अर्ध्या शब्दालाही “व्हय म्हाराजा” म्हणाला.

मग मला पुढचं सुचेना. गाऱ्हाण्यात शेवटी मागायचं असतं, ह्या घराचं बरं कर, हयसर सुखानं रवांदे. जी माणसं निघाली त्यांच्यासाठी त्या जागेकडे काय मागायचं? राखणदार जागेचा असतो. तो कुडाळला येत नाही.

मागून वहिनी म्हणाल्या, “रवलेल्या बावींचा पाणी रवांदे, असा म्हणा.”

उरलेल्या विहिरींसाठी मी तसं मागितलं. होमस्टेवाल्याचा होकार सगळ्यांत मोठा आला, आणि तो खोटा नव्हता.

नारळ फोडला. मित्रानं त्याचं पाणी विहिरीत ओतलं. वहिनी पुढे टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसल्या, आम्ही मागे कपाटांना धरून उभे राहिलो. टेंपो हलला आणि वळणापर्यंत पोचतो न पोचतो तोच पंप पुन्हा सुरू झाला. होमस्टेवाल्याकडे पुण्याचे पाहुणे उतरले होते. समुद्रात पोहून आले होते, त्यांना आंघोळीला पाणी हवं होतं.