पंख्याचं तुटकं पातं

समुद्र मी पाहिला तो नोकरी लागल्यावर. मूळचा मी ढाणकीचा, आणि काम मिळालं ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात लहान होड्यांची चाहूल घेणाऱ्या यंत्रावर. पाण्याखाली माइक सोडायचा आणि इंजिनाचा, होडीखाली फिरणाऱ्या पंख्याचा आवाज टिपायचा. उथळ पाण्यात आवाज तळावर आपटून विस्कटतो, तिथेच खरी परीक्षा. किनाऱ्यावर नेण्याआधी चाचणीसाठी तसंच पाणी हवं होतं. मी फुशारकीने आमच्या भागातल्या, पुसदकडच्या एका धरणाच्या फुगवट्याचं उथळ पाणी सुचवलं. घरचं जेवण मिळेल हा लोभही होताच.

होडी दिली ती तांड्यावरच्या एका काकांनी. शेत धरणात गेल्यापासून ते मासे धरत. घर त्या एका होडीवर चालायचं. "अजून उथळात घ्या" हा हट्ट माझाच. पंखा पाण्याखालच्या विहिरीच्या कठड्यावर आदळला आणि एका पात्याचा तुकडा उडाला. मी ओशाळलो.

"असू द्या, साहेब," काका म्हणाले. "आमचीच विहीर हाय ते."

नवा पंखा आणून देतो म्हणालो, आणि विसरलो.

पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून मासेमारी बंद असते. होड्या नसताना पाणी कसं ऐकू येतं ते पाहायला आम्ही माइक आठवडाभर तसाच ठेवला. मग मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना आणि चार सभासदांना निकाल दाखवायला बसलो, तर पडद्यावर रोज पहाटे एक रेघ. यंत्राने एवढंच सांगितलं की एक लहान होडी फिरते आहे. तिथे थांबता आलं असतं. पण सगळे कौतुकाने बघत होते आणि मला चेव चढला. हेडफोन लावून मी म्हणालो, "ठेका लंगडा आहे. पंख्याचं एक पातं तुटलंय."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुटक्या पंख्याची होडी अख्ख्या धरणात एकच होती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. याची लाज मला आजही वाटते.

संस्थेने काकांवर वर्षभर मासेमारीची बंदी घातली. आम्ही सामान आवरत होतो तेव्हा ते काठावर आले. मला त्यांच्याकडे बघवेना.

"घरच्यापुरतेच धरून राह्यलतो, साहेब. चूक झाली, मान्य हाय," ते म्हणाले. "अध्यक्ष म्हन्ते, मशीननं वळखलं. मले तेवढंच इचारायचं होतं. कोन्या माणसानं सांगतलं असतं तं लय लागलं असतं जीवाले. मशीननंच ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग जाऊ द्या. मशीनवर काय रागावतं माणूस."

आणि माझ्या हातातली माइकची जड पेटी घेऊन त्यांनी ती गाडीत नीट ठेवून दिली.