दोन्ही पायडलं कापायची

शर्यतीला दहा मिनिटं उरली होती आणि प्रमुख पाहुण्यांनी दिशाच बदलली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सव्वीस जानेवारी, सौंसरचं मैदान. चुन्यानं आखलेला गोल ट्रॅक, मधोमध झेंडा. मी पांढुर्ण्याच्या सायकल दुकानातला मिस्त्री, आठवीतून शाळा सोडून नंदुरबारहून आलेला. मालकांनी, म्हणजे भाऊंनी, काम दिलं, जेवण दिलं, झोपायला दुकान दिलं. भाऊ हे सगळं परत घेतील अशी भीती मला रोज वाटायची. त्या दिवशी जास्तच, कारण शर्यतीत त्यांचा पुतण्या दिनेश होता आणि त्याची सायकल मी तयार केली होती.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, फ्रीव्हीलही नसतं. तिला फिक्स म्हणतात. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, पाय थांबवता येत नाही. वळणावर सायकल आत झुकते, मग आतलं पायडल जमिनीला लागतं. ट्रॅकवर जगभर डावीकडेच वळतात. म्हणून मी डावं पायडल बाहेरून बोटभर कापलं होतं. माझी हुशारी तेवढीच.

पाहुणे म्हणाले, "झेंड्याले उलटी परिक्रमा? असं चालन काय? झेंडा उजव्या हाताले पाहिजे."

मंडळींनी माना डोलावल्या. सायकलला देवळाचे नियम लागतात, हा धडा बहुतेक नववीत असावा.

मी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, की आता वळणं उजवीकडे, म्हणजे उजवं पायडल जमिनीला लागेल. अदलाबदलही होत नाही, दोन्हीचे आटे एकमेकांच्या उलटे असतात.

"काहून घाबरून राहिला बे? पाहुण्याले शिकवतं काय? गप राय."

गप राहिलो. शिट्टी झाली. पहिल्याच वळणावर उजवं पायडल टेकलं, मागचं चाक उचललं, दिनेश चुन्यात. मागचे तिघे त्याच्यावर. पहिले आले रामाकोन्याचे दूधवाले काका, घरच्या फ्रीव्हील सायकलवर. वळण आलं की ते पाय थांबवायचे आणि घंटी वाजवायचे. पाहुण्यांनी हार घालून सांगितलं, की श्रद्धेनं फेरी घेतली की असं फळ मिळतं.

दिनेशचं कोपर सोललं होतं. मी मनातल्या मनात पिशवी भरत होतो. भाऊ आले.

"तुले मालूम होतं ना?"

"तुम्हीच गप राय म्हणाले, भाऊ."

"मंग दोनदा सांगाचं." वाकडं झालेलं पायडल त्यांनी हातानं फिरवून पाहिलं. "चाल, उचल सायकल. उद्या उजवं बी काप."

उद्या म्हणाले, म्हणजे नोकरी होती. त्या उजव्या पायडलाचे मी आजही आभार मानतो.

मैदानी ट्रॅकवर उतरण्याआधी वारा पाहा, वळण पाहा, टायरची हवा पाहा. पण त्याआधी पाहुण्यांना विचारा, फेरी कोणत्या अंगानं. आणि तरीही दोन्ही पायडलं कापून ठेवा. पाहुणे बोलूनचालून पाहुणे, आयत्या वेळी वळतात.