नळाच्या पाण्यासाठी

दुपारचं जेवण झालं की कतूराबाई खिडकीचं शटर खाली ओढून आडव्या होतात. इस्रायलमधल्या दिमोनाचं वाळवंटातलं ऊन फटींतून आत येऊन भिंतीवर रेघा मारतं. पलीकडच्या खोलीत त्यांची लेक ओर्ना सामान बांधते आहे. परवा ती नवऱ्याबरोबर कॅनडाला निघणार, कायमची. दहा दिवस झाले, मायलेकींत शब्द नाही. "ज्या मातीसाठी आम्ही गाव सोडलं, तीच तू सोडून चाललीस," एवढं बोलून कतूराबाई गप्प झाल्या त्या झाल्याच.

डोळा लागतो न लागतो, तोच पलीकडच्या कागदांची चुरचुर लांब जाते, झावळ्यांच्या सळसळीत मिसळते. पाय खाली सोडावेत तर फरशी नाही, सारवलेली गार जमीन.

बाबा मशिदीच्या बाकावर बसले आहेत. अलिबागजवळच्या त्यांच्या गावात बेने इस्रायली ज्यू माणसं आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणायची. बाबांना जाऊन चाळीस वर्षं झाली, हे कतूराबाईंना माहीत आहे. त्यात काही विचित्र वाटत नाही.

"आलीस, कतू? बस. माणसं मोजतोय."

"किती झाली?"

"मी एक." ते हसतात. "प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. शालोम इस्रायलला गेला आणि नऊ उरलो. नवांनी मग थांबून काय करायचं? एक गेला म्हणून दुसरा गेला."

बाक हादरायला लागतो. ते एसटीत बसले आहेत. एका खिडकीबाहेर माडांची रांग, दुसऱ्या खिडकीबाहेर दिमोनाच्या उघड्या टेकड्या. कतूराच्या अंगावर लग्नातलं हिरवं पातळ आहे आणि ती एकवीस वर्षांची आहे.

"तुम्ही का नाही आलात, बाबा?"

"फॉर्म भरला होता. धोतरांच्या घडीखाली ठेवला, तो तिथेच राहिला."

हे तिला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

"तिथे मला कोण ओळखणार होतं? इथे म्हशीसुद्धा मला वाट देतात. घाबरलो, झालं. लोकांना सांगितलं, बायकोची कबर सोडवत नाही." ते तिच्याकडे वळतात. "तू का गेलीस?"

"ती आपल्या पूर्वजांची भूमी, बाबा. देवाने वचन—"

"ते मलाही पाठ आहे. तुझं सांग."

गाडी विहिरीच्या काठाशी उभी आहे. कतूराच्या कमरेवर घागर आहे आणि खाली, फार खाली, काळं पाणी.

"माझ्याआधी तिकडे गेलेल्या मिर्यमने फोटो पाठवला होता," ती हळूच म्हणते. "फ्रॉक घालून स्वयंपाकघरात उभी होती. शेजारी नळ, धो धो सोडलेला. मला पाणी भरायचा कंटाळा आला होता, बाबा."

नवऱ्यालाही तिने हे कधी सांगितलं नाही. ती खाली बघत राहते.

"मग मला अडवलं का नाहीत?"

"ती घागर मी एकदाही उचलली नव्हती, पोरी. कुठल्या तोंडाने अडवणार?"

वारा सुटतो. बाबा विचारतात, "आणि तुझी लेक का जाते?"

कतूरा घागर काठावर ठेवते.

"मी विचारलंच नाही."

बाबा तिचा हात ओढून घेतात आणि तळव्यावर चिमूटभर मलिदा ठेवतात, गूळखोबऱ्यात कालवलेले पोहे. "जा," म्हणतात. तिची बोटं आपल्या हाताने मिटवतात.

ऊन भिंतीवरून उतरलं आहे. कतूराबाई उठतात, भिंतीला धरत पलीकडच्या दाराशी जातात. ओर्ना खोक्यांच्या मधोमध बसून ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळते आहे. ती मान वर करत नाही.

"ओर्ना, का जातेस गं?"

त्या आवाजात भांडण नाही, हे ओर्नाला कळायला क्षण लागतो.

"आता विचारतेस?"

"आता विचारते."

ओर्ना ताटली खाली ठेवते. एक खोकं पुढे सरकवते. "बस. पण ऐकून घ्यायचं. मध्ये बोलायचं नाही."

बसताना आधारासाठी कतूराबाई तिचा हात धरतात. ओर्ना चमकून आईचा तळवा उलटा करून बघते. ओलसर पोह्याचा एक दाणा, त्याला चिकटलेली खोबऱ्याची पांढरी तार.

"आई, हे काय?"

"सांगते," कतूराबाई म्हणतात. "आधी तू सांग."