लाकडी म्हाताऱ्याचा गुडघा

आपल्या कॅरी गावातल्या बायांनो, आज मुलगा-सुनेबरोबर ओसाकाहून ट्रेननं नारा नावाच्या जुन्या गावी गेले. गुडघा चार दिवस ठणकतोय, पण बोलले नाही. बोलले असते तर दोघं मला हॉटेलात बसवून गेले असते.

तिथल्या मोठ्या देवळाबाहेर एक लाकडी म्हातारा बसवलाय. आपलं जिथं दुखतं, तिथं त्याला चोळायचं आणि तोच हात आपल्या अंगाला लावायचा. आपल्याकडे मूर्तीला हात लावायला गेलं तर पुजारी लांबूनच हाकलतो. इथं कुणी अडवेना, मग मीही त्याचा गुडघा चोळला.

मुलगा मागेच उभा. "आई, गुडघा दुखतोय? मग उद्याचं क्योटो कॅन्सल. तू रेस्ट कर."

"हुकूम सोडण्यात बापावर गेलास," म्हटलं आणि बाकावर बसले.

माझं लक्ष नाही असं बघून तो हळूच पुढं झाला आणि म्हाताऱ्याचं पोट चोळून आला. दोन महिने विचारतेय, नीट जेवत का नाहीस. तर म्हणे, "आय ॲम फाइन."

परतीच्या ट्रेनमध्ये त्याच्या कानातच सांगितलं, "क्योटोला मी येणार. आणि घरी गेल्यावर डॉक्टरकडे दोघंही जाणार."

त्यानं मान डोलावली.

तुमच्या घरच्यांना त्या म्हाताऱ्यापुढं उभं केलं, तर कुणाचा हात कुठं जाईल? माहितीय तुम्हाला?