जयमालेचा उजवा हात

धामणगाव बढ्याच्या जयमालेचा उजवा हात जन्मापासून डाव्यापेक्षा मोठा. सगळा नाही, अंगठ्याखालचा मांसाचा उंचवटा तेवढा. कुणी कातडीखाली लिंबू ठेवून विसरल्यासारखा. दुखत नसे, वाढत नसे. माहेरी त्याला कुणी आजार म्हटलं नाही, कारण त्याच हातानं ती म्हशींची धार काढायची. अडेल म्हैस असली की शेजारीही तिलाच हाक मारायचे.

गोपालशी लग्न ठरलं आणि चुडा भरताना अडचण निघाली. काचेची बांगडी चढते ती अंगठा तळहातात दुमडून. जयमालेचा दुमडला तरी लिंबू जागेवरच. कासारणीनं साबण लावला, तेल लावलं.

"हात ढिला सोड माय," ती म्हणत राहिली. काच फुटत राहिली. मोठ्या मापाची चढली, ती धार काढताना बादलीत पडू लागली. शेवटी उजव्या हातात पेच उघडून घालायचं कडं आलं.

"बिनकाचेची सवाशीण म्या पह्यल्यांदाच पाह्यली," सासू तानाबाई म्हणाल्या. त्याच हातानं काढलेल्या दुधाचा चहा घेत म्हणाल्या.

घर दुधावर चाललं होतं, म्हणजे त्या हातावर. मग गोपाल मोताळ्याहून येताना मोटारसायकलवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. गाडीचे ब्रेक लागत नाहीत हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. तानाबाईंना मात्र कारण सुनेच्या हातात सापडलं.

"तुह्या मोकळ्या हातानं हे झालं."

"आत्याबाई, ब्रेक गेले होते."

"मंग ब्रेक काऊन गेले?"

हे गाडीच्या मिस्त्रीलाही सांगता आलं नसतं.

लिंबू कापून टाकायला म्हणून तिला नेलं, तेव्हा शहरातल्या डॉक्टरानं तपासण्या करून सांगितलं, ही गाठ नाही, मांसच आहे. अंगठ्याची नस त्यातूनच जाते. हात चांगला आहे, चाकू लावू नका, ताकद जाईल.

"ताकद कमी झाली तरी चालते साहेब," प्लास्टरातला पाय बाकावर ठेवून गोपाल म्हणाला, "बांगडी हातात गेली पाह्यजे."

"अन् धार कोण काढीन?" जयमालेनं विचारलं.

"तुले हात पाह्यजे का मी?"

असल्या प्रश्नाला बायकोकडून एकच उत्तर चालतं. तिनं तेवढंही दिलं नाही, गप्प बसली. तेच 'हो' धरलं गेलं. दुसऱ्या शहरात दुसरा डॉक्टर मिळाला. शोधला की मिळतो.

जखम भरली. लिंबाच्या जागी खळगा झाला. अंगठा बोटांपर्यंत पोचेना, आचळ धरलं की निसटू लागलं. डाव्या हातानं तिनं खटपट केली, म्हशीनं बादली लाथाडली. गोपालनं बसून पाहिलं, त्यालाही लाथाडलं. पान्हा आटत गेला आणि म्हशी एकेक करून बाजारात गेल्या. दावणीचे खुंटे राहिले. जयमाला सकाळी सवयीनं गोठ्यात जायची आणि तशीच परत यायची.

गोपालचा पाय बरा झाला. ब्रेक अजून लागत नाहीत.

दिवाळीला कासारीण आली. तानाबाईंनी शेजारणींना मुद्दाम बोलावून घेतलं. "पाहा आता, जाते का नाही ते!"

कासारणीनं तो हात मांडीवर घेतला, साबण लावला, अंगठा धरला.

"हात ढिला सोड मा—"

म्हणता म्हणता ती थांबली. हात ढिलाच होता. हिरव्या बांगड्या एकामागून एक चढत गेल्या. एकही फुटली नाही.