जिनं मारला, तिनंच आणायचा

सीझनचे शेवटचे सामने दर वर्षी बरोब्बर मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेच्या आठवड्यात ठेवणाऱ्या थोर माणसा, तू जो कोणी असशील तो, एकदा बारा मुली, सात हेल्मेटं आणि बॅटांचं एक पोतं घेऊन त्या आठवड्यातल्या बसमध्ये चढून दाखव. मग आपण वेळापत्रकावर बोलू.

मी आमच्या तालुक्याच्या मुलींच्या बेसबॉल संघाची कोच. विद्यापीठाकडून खेळले, मग वाटलं हा खेळ गावात न्यायचा. तीन सीझन झाले. खेळ गावात किती पोचला देव जाणे, किस्से मात्र पोतंभर जमलेत. आणि बहुतेक सगळे सीझनच्या शेवटचे! डिसेंबरात आम्ही शहाण्यासारख्या खेळतो. शेवटच्या सामन्यांवर काही अडकलं, की आमच्या अंगात येतं.

या वर्षी अडकलं होतं जैनीचं. जैनी भामरागडकडची, आमच्या गावी वसतिगृहात राहून बारावी करणारी, आमची सगळ्यात जोरात मारणारी पोरगी. नागपूरच्या एका क्रीडा वसतिगृहात तिला जागा मिळणार होती. अट एकच, राज्य पातळीवर खेळलेली पाहिजे. आम्ही लीग जिंकलो तर राज्यावर जाणार. नाही जिंकलो, तर परीक्षा संपताच बाप तिला घ्यायला येणार. मग पावसाळ्यात रस्ता तुटला की ही पोरगी ना फोनवर सापडणार, ना अर्जावर सही करायला.

हे मी सगळ्यांना दहा वेळा सांगितलं होतं. त्यांनी दहा वेळा माना डोलावल्या होत्या.

*

भद्रावतीच्या सामन्याला निघालो तर कंडक्टरनं बॅटांचं पोतं पाहूनच दार अडवलं.

"जत्रेत भांडाले चालल्या का?"

म्हटलं, "भाऊ, बेसबॉल आहे. खेळ आहे."

"कुठी खेळतेत हा?"

मी वैतागून म्हटलं, "अमेरिकेत!"

त्यानं शांतपणे तिकिटं फाडली. "मंग इकडं काऊन आणला?"

मागच्या सीटवरचे सगळे भाविक हसले. माझ्या मुलीसुद्धा!

*

तो सामना तर मी विसरूच शकत नाही. आमची प्रतीक्षा वाऱ्यासारखी पळते. तिनं मारलं, पळाली, बेस दोन पावलांवर आला, आणि ही थांबली! हातातली बॅट लांब केली आणि तिचं टोक ऐटीत बेसवर टेकवलं. क्रिकेटमध्ये टेकवतात तसं.

आउट.

"प्रतीक्षा, बॅट खाली टाकून पळायचं असतं! पाय लावायचा असतो, पाय!"

ती दुखावल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, नवीकोरी बॅट मातीत कशी टाकू?"

कशाबशा जिंकलो.

*

या सीझनच्या उद्घाटनाचंही सांगते. सगळे बेस फिरून शेवटी जिला पाय लावायचा, ती आमची होम प्लेट म्हणजे मिस्त्रीकडून करून घेतलेला लाकडी पाट. 'सागवानी आहे,' असं मिस्त्री छातीवर हात ठेवून म्हणाला होता. सामन्याआधी पाहुण्यांनी नारळ फोडायचा होता. मैदानात एक दगड नाही, म्हणून त्यांनी तो थेट होम प्लेटवर आपटला.

नारळ शाबूत. प्लेटचे दोन तुकडे!

पाहुणे माझ्याकडे वळून म्हणाले, "शुभ असते."

*

आता आमच्या मैदानाबद्दल. एका बाजूला बुटकी भिंत, भिंतीपलीकडे रुक्माबाईंचा हरभरा. आमच्याकडे चेंडू एकूण तीन. पहिल्या सीझनला चेंडू पलीकडे गेला की सगळ्या मुली शेतात उतरायच्या, आणि चेंडू सापडला तरी अर्धा तास परत यायच्या नाहीत. शेवटी मी जाऊन बघितलं, तर माझं अख्खं आउटफील्ड शेताच्या धुऱ्यावर बसून ओला हरभरा सोलत होतं.

दुसऱ्या दिवशी रुक्माबाई चेंडू पदरात बांधूनच मैदानात आल्या.

"हे पाय बाई, बारा जणी माह्या वावरात नाई याच्या. जिनं मारला तिनंच याचं, एकटीनं. माफी मांगाची अन् बॉल न्याचा."

मी खूश झाले. म्हटलं, शिस्त! हा नियम मी स्वतः खडूनं भिंतीवर लिहिला. जिनं मारला, तिनंच आणायचा. तीन सीझन मुलींनी माझी एकही गोष्ट ऐकली नसेल, पण ही ऐकली. सगळ्यात जास्त फेऱ्या अर्थातच जैनीच्या. माफी एका वाक्याची आणि गप्पा अर्ध्या तासाच्या. वर येताना मूठभर हरभरा.

पुढे पुढे रुक्माबाई सामन्याच्या दिवशी काम टाकून भिंतीला टेकूनच उभ्या राहायला लागल्या.

*

शेवटच्या सामन्याआधी मुलींना जोश यावा म्हणून मी फोनवर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे जुने सामने दाखवले. सीझनचा शेवटचा दिवस, शेवटची इनिंग, दोन आउट, आणि चेंडू थेट प्रेक्षकांत! होम रन! खेळाडू सावकाश चारही बेस शिवत येतो, अख्खं स्टेडियम उभं, मोठी माणसं रडतायत.

माझेही डोळे भरून आले. म्हटलं, "काय वाटलं?"

जैनीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "मॅडम, बॉल आणाले कोण गेलं?"

"कोणी नाही. ज्याच्या हाती पडतो तो घरी घेऊन जातो."

"घरी?" बाराच्या बारा जणी ओरडल्या.

"मंग उद्या कायनं खेळतेत?" जैनीनं विचारलं.

मी फोन बंद केला.

*

आणि मग शेवटचा सामना. आमच्याच मैदानावर. शेवटची इनिंग, स्कोअर सारखा, दोन आउट, बॅटिंगला जैनी. सामना बरोबरीत सुटला तर गुणांवर समोरचा संघ राज्यावर जाणार होता. म्हणजे ही शेवटची संधी.

पहिल्याच चेंडूला तिनं असा काही फटका मारला, की चेंडू भिंतीवरून थेट हरभऱ्यात. होम रन! मी उड्या मारतेय, बाकडं पडलं, मुली किंचाळतायत. जैनीनं पहिला बेस शिवला...

आणि वळली. थेट भिंतीकडे! मी ओरडले, "जैनी, बेस! बेस!" तिला ऐकू जाईना. तिनं भिंतीवर हात टेकले आणि पलीकडे उडी मारली.

समोरचा कोच मैदानात धावला. "आउट! रस्ता सोडला! सामना बरोबरीत!"

अंपायर म्हणजे शेजारच्या गावचे निवृत्त शिक्षक. त्यांचा हात अर्धा वर गेला. मग त्यांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, पान उलटलं.

"मारणारी बेस सोडून बाकावर जाऊन बसली तर आउट," ते म्हणाले. "हे हरभऱ्यात गेली. हरभऱ्याचं इथी काई लिहून नाई."

"सर, हा काय न्याय झाला!"

"येते का थांबून पाहू. चेंडू तं मेला आहे, डेड बॉल, तुमाले काय घाई?"

आणि भिंतीपलीकडे रुक्माबाई, हातात चेंडू. जैनी समोर उभी राहून दम खात माफी मागतेय. रुक्माबाईंनी चेंडू पाठीमागे लपवला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "माफी गेली चुलीत! पयले ते बाकीचे पाट शिव!"

जैनी भिंतीवरून परत आली. दुसरा बेस. तिसरा. आणि खिळे ठोकून जोडलेली आमची होम प्लेट. अंपायरांनी पुस्तक मिटलं आणि दोन्ही हात आडवे पसरले. सेफ!

मुलींनी तिला उचललं. मी खाली बसून रडले, पंधरा मिनिटांचा वैताग बाहेर काढत. मान वर केली तर जैनी पुन्हा जागेवर नाही. भिंतीपाशी उभी, हात पुढे केलेला. जिनं मारला, तिनंच आणायचा!

रुक्माबाईंनी चेंडू पदरात ठेवला आणि दोनदा गाठ मारली.

"तूच सांगतलं ना अमेरिकेचं? हा आता माह्या घरीच राहीन."