जपून ठेवलेले चेंडू

शाळा सुटली तरी शिट्टीबाईंच्या गळ्यातली शिट्टी उतरत नसे. एकदा भाजीबाजारात रांग मोडून पुढे घुसलेल्या एका धिप्पाड माणसावर त्यांनी ती सणसणीत फुंकली, तेव्हा तो मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला. अंगाने ठेंगण्या, आवाज खणखणीत, पायात कॅनव्हासचे बूट आणि चालणं असं की सोबतच्याला धाप लागावी.

त्या प्राथमिक शाळेत लागल्या तेव्हा तिथे खेळाच्या नावाने नन्नाचा पाढा होता. एक मैदान, तेही अर्धं खडीचं. एखादे शिक्षक आले नाहीत की वर्ग बाहेर सोडून द्यायचा, त्याला खेळ म्हणत. बाईंनी मग घरूनच सामान आणायला सुरुवात केली. नवऱ्याचं सोफे-गाद्या शिवायचं दुकान होतं. तिथल्या चिंध्या जुन्या मोज्यांत ठासून चेंडू झाले. फोमचे तुकडे एकत्र शिवून उड्या मारायची गादी झाली. दोन खुर्च्यांवर झाडूची दांडी ठेवली की अडथळ्यांची शर्यत तयार.

"मी दुकान चालवतोय की तुझी शाळा?" नवरा कुरकुरायचा. पण कापड बेतताना मुद्दाम मोठा तुकडा उरेल असंच बेतायचा.

अशी बरीच वर्षं गेली आणि सरकारने प्राथमिक शाळांना खेळासाठी अनुदान सुरू केलं. त्यातून सामान येणार, खेळाच्या शिक्षकाचा, म्हणजे बाईंचाच, पगार निघणार आणि वेळापत्रकात रोजचा एक तास पक्का होणार. अट इतकीच, की तपासनीस येऊन पाहणार आणि सामान वापरात दिसलं तरच अनुदान पुढे चालू राहणार.

टेम्पोतून खोकी उतरली त्या दिवशी बाईंनी ती स्वतः उचलून नेली, शिपायाला हात लावू दिला नाही. लाल-पिवळे चेंडू, लाकडी मुठींच्या दोऱ्या, हवेचा पंप, निळी जाडजूड गादी. त्यांनी एका चेंडूचा वास घेतला, गालाला लावला, आणि पुन्हा प्लास्टिकमध्ये घातला. मग सगळंच कपाटात गेलं आणि कपाटाला कुलूप लागलं.

"पोरांचा हात जरा बसू दे," त्या म्हणाल्या, "मग काढू."

हात बसला. मग ठरलं, की शाळेच्या स्पर्धांना काढू. स्पर्धांच्या दिवशी मैदान ओलं होतं, चेंडू खराब झाले असते. मुलं चिंध्यांच्या चेंडूंनीच खेळली. शुक्रवारी मात्र बाई कपाट उघडून दाखवत. मुलांनी हात मागे बांधून रांगेने यायचं, बघायचं, पुढे सरकायचं.

स्वभावच तसा. लहानपणी त्या थोरल्या बहिणीचे बूट पुढे कापूस कोंबून घालायच्या आणि त्याच बुटांत धावून पहिल्या यायच्या. त्यामुळे नवी वस्तू हाती आली की वापरायची कशी, हेच त्यांना सुचत नसे. लग्नात मिळालेला कपांचा सेट घरी अजून खोक्यात होता. फुटक्या कानाच्या कपातून चहा पिताना नवरा विचारी, "ते कप कुणासाठी गं? राष्ट्रपती येणारेत का?"

"तुम्हाला नाही कळायचं," बाई म्हणत. "एकदा वापरलं की संपलं त्याचं नवेपण."

दोन वर्षांनी पहिली तपासणी जवळ आली तशी शाळेत कुजबुज सुरू झाली. गणिताचे सर मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, भर शिक्षकखोलीत म्हणाले, "अनुदान बंद झालं तर तो तास मला द्या बरं का. अपूर्णांक मागे पडलेत."

"मग तुम्ही जरा पुढे पळा," शिट्टीबाई म्हणाल्या. सगळे हसले, सरही हसले. बाई मात्र मनात हिशेब करू लागल्या. पगाराचं नवऱ्याच्या दुकानावर कसंबसं निभावलं असतं. पण तास गेला तर? तिसरीत एक मुलगी होती, गोगलगाय म्हणत तिला. वर्गात तोंडातून अक्षर काढत नसे, बाकाला खिळल्यासारखी बसायची. मैदानात आली की मात्र सगळ्यांना हाका मारत सुटायची. तिचं तोंड दिवसातून त्या एका तासापुरतंच उघडत होतं.

तपासणीच्या दिवशी मोठ्या बाईंनी कपाट उघडायला लावलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे काय? दुकानात तरी याच्यापेक्षा जुनं मिळेल! साहेब आल्यावर काय सांगू? चला, बसा खाली. घासा!"

दोघी सामानाच्या खोलीत फरशीवर बसल्या. मोठ्या बाईंनी पायपुसणं घेतलं आणि एक लाल चेंडू त्यावर खसाखसा घासायला लागल्या.

"हळू हो, हळू! शिवण उसवेल!"

"उसवू द्या की! जुनाच दिसायला हवाय ना?"

"मग खालच्या बाजूनं घासा. वरची बाजू राहू दे."

"चेंडूला खालची बाजू कुठली हो, बाई?"

दारात कुणीतरी खाकरलं. तपासनीस आले होते. वयाने तरुण, हातात पिशवी आणि पाण्याची बाटली. मोठ्या बाईंनी पायपुसणं पाठीमागे लपवलं.

"चालू द्या तुमचं," ते म्हणाले. त्यांनी कपाटातला एक पिवळा चेंडू काढला आणि जमिनीवर आपटला. तो थप् असा आवाज करून तिथेच बसला. पंपाने हवा भरली तर बारीक सुस्कारा टाकत पुन्हा खाली गेला. "पडून पडून आतलं रबर चिरलंय. वापरात असता तर टिकला असता."

बाईंनी घाईघाईने गादीचं प्लास्टिक ओढलं. ते गादीच्या निळ्या रंगाला चिकटलं होतं, रंगाचा पापुद्रा घेऊनच निघालं. त्यांनी तो पापुद्रा परत गादीवर दाबून पाहिला. एवढा जीव टाकला, आणि हे असं.

"वापराबद्दल मी काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"अहो, मुलं रोज..." मोठ्या बाई सावरायला गेल्या.

"नाही वापरलं, साहेब," शिट्टीबाई म्हणाल्या. "मीच वापरू दिलं नाही. पोरं खेळतात रोज, पण माझ्या चिंध्यांच्या चेंडूंनी. शाळेला नका धरू. तास आत्ता आहे. एवढा बघा, मग काय लिहायचं ते लिहा."

हवा धरणारे चेंडू घेऊन सगळे मैदानात आले. तिसरीचा वर्ग उभा होता. बाईंनी एकेकाच्या हातात नवा चेंडू दिला.

"खेळा."

कुणी हललं नाही. एकाने चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरला. दुसऱ्याने सदऱ्याच्या टोकाने पुसला. गोगलगाय आपला चेंडू घेऊन बाईंजवळ आली आणि परत देत म्हणाली, "बाई, घाण होईल."

साहेब बघत होते. भिंतीला टेकून गणिताचे सरही बघत होते. बाईंनी शिट्टी वाजवली, ओरडून पाहिलं. मुलं आणखीनच घट्ट धरून बसली. त्यांना हे शिकवलं कोणी, हे काय बाईंना विचारायला हवं होतं?

त्यांनी गोगलगायीच्या हातून तो लाल चेंडू घेतला. नळाखाली चिखलाचं डबकं साचलं होतं, तिकडे तोंड केलं. एक क्षण डोळे मिटले आणि सगळा जोर लावून लाथ घातली.

चेंडू डबक्यात धप्पकन पडला, चिखल उडवत उसळला आणि थेट गणिताच्या सरांच्या पांढऱ्या पँटवर आदळला. सरांनी पँटकडे पाहिलं. मग गोगलगाय किंचाळली, "सर बाद!" आणि सुटली चेंडूमागे. तिच्यामागे सगळा वर्ग. मग कुठला चेंडू कुणाचा, कुणाला पत्ता नाही. सरांनीही पँट झटकायचं सोडून पायाशी आलेला एक चेंडू परत मारला, जरा जास्तच जोरात.

तास संपायला आला तरी साहेब उभेच होते. शेवटी त्यांनी भिंतीवर कागद टेकवून काहीतरी लिहिलं आणि मोठ्या बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि मैदानभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "बाई, ऐकलंत का? तास चालू ठेवायची शिफारस केलीय! पण तीन महिन्यांनी परत येणार आहेत. सामान झिजलेलं दिसलं पाहिजे म्हणतात!"

शिट्टीबाईंना ते ऐकू गेलं नाही. चेंडू कुंपणाच्या तारेत अडकला होता, आणि साडीचा पदर खोचून त्या खालून, कुंपणावर चढलेल्या गोगलगायीला सांगत होत्या, "अगं ओढ, ओढ बिनधास्त! फाटला तर फाटला!"